डोळ्यांत पाणी नाही, तोंडात लाळ नाही: ग्रंथींमध्ये नेमकं बिघडतं काय?

होळी झाली की पुण्याची दुपारची हवा कोरडी ठणठणीत होते आणि डोळ्यांच्या दवाखान्यांत ‘चुरचुरतंय, काहीतरी गेलंय’ म्हणणाऱ्यांची गर्दी वाढते. त्यातले पुष्कळजण हिंजवडीत किंवा खराडीत दिवसभर स्क्रीनसमोर बसणारे. डॉक्टर कृत्रिम अश्रूंचे थेंब देतात, एसीचा झोत थेट तोंडावर घेऊ नका म्हणतात आणि बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं.

याच गर्दीत एखादी पन्नाशीची बाई असते, जिचं थेंबांवर भागत नाही. भाकरीचा घास तिला पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही. बाकरवडी केव्हाच सुटली. मिसळीचा रस्सा जिभेला लागला की आग होते. रात्री उशाशी तांब्या लागतो, दाढा हिरडीलगत किडत चालल्यात आणि सकाळी बोटं आखडलेली असतात. डोळ्यांचा डॉक्टर वेगळा, दातांचा वेगळा, सांध्यांचा वेगळा. तीन फायली, आणि प्रत्येकीत कारणही निराळं: मोबाईल, गोड खाणं, पाळी जाण्याचं वय.

तिन्ही फायली एकाच टेबलावर उघडल्या, तर कुणाच्या तरी लक्षात येतं की हा एकच आजार असू शकतो. त्याचं नाव शोग्रेन. जुन्या कागदांवर ‘शोग्रेन सिंड्रोम’ दिसेल, नव्यांवर ‘शोग्रेन डिसीज’, आजार तोच. २०२५ मध्ये त्याच्यावरच्या एका नव्या औषधाच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि हे नाव बातम्यांत दिसू लागलं. त्या बातम्यांत ‘दाहकारक प्रथिनं’, ‘सायटोकाइन’, ‘इंटरफेरॉन’ असे शब्द पटापट येऊन जातात. ते काय करतात हे कळलं, तर हा आजार निम्मा समजला.

आधी निरोगी ग्रंथी पाहू

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिचा मोठा भाग तीन जोड्यांमधून येतो: कानापुढची, जबड्याखालची आणि जिभेखालची. याशिवाय ओठांच्या, गालांच्या आतल्या बाजूला सहाशे ते हजार बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. अश्रूंची मुख्य ग्रंथी डोळ्याच्या वर, बाहेरच्या कोपऱ्याकडे, हाडाच्या खोबणीत बसलेली असते.

लाळ आणि अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. लाळेत पिठूळ अन्न फोडणारं अमायलेज असतं, घास निसरडा करणारं म्युसिन असतं, दातांवरचा कॅल्शियमचा थर टिकवणारी प्रथिनं असतात. अश्रूंमध्ये जिवाणूंचं कवच फोडणारं लायसोझाइम असतं. पेनिसिलिनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं ते त्याआधी, १९२२ मध्ये शोधलं होतं. म्हणून तोंड कोरडं पडलं की फक्त तहान लागत नाही. दात किडतात, जिभेवर बुरशी धरते, चव जाते.

ग्रंथीतून पाणी सुटतं ते मज्जातंतूच्या हुकमावर. चिंच दिसली, कांदा चिरला, डोळ्यात धूळ गेली, की मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं. ते ग्रंथीपेशीवरच्या ठरलेल्या जागी जाऊन बसतं, पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं, क्षार बाहेर पडतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी निघतं. पाण्यासाठी पेशीच्या भिंतीत ॲक्वापोरिन नावाची सूक्ष्म दारं असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही साखळी लक्षात ठेवा. बिघाड नेमका हिच्यात होतो.

दाह म्हणजे शत्रू नव्हे

गालगुंड आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. विषाणू कानापुढच्या लाळग्रंथीत शिरतो, गाल टम्म फुगतो, आंबट खाल्लं की कळ येते, आठ-दहा दिवसांत सूज उतरते. ही सूज शरीरानंच, आपल्या भल्यासाठी घडवलेली असते. विषाणू शिरलेली पेशी काही प्रथिनं बाहेर सोडते, ती शेजारच्या पेशींना सावध करतात आणि रक्तातून पांढऱ्या पेशी बोलावून आणतात. पेशींनी एकमेकींना धाडलेल्या या निरोपाच्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. यापुढे मी त्यांना नुसतं ‘निरोप’ म्हणेन.

यातला सर्वांत जुना परिचित निरोप इंटरफेरॉन. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी तो ओळखला. ‘विषाणू आलाय, दारं लावा’ एवढंच त्याचं सांगणं. गालगुंडात विषाणू हरतो, निरोप विरतात, पांढऱ्या पेशी परत जातात.

शोग्रेनमध्ये निरोप विरत नाहीत.

चोर गेला, मेसेज चालूच

समजा, एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दोनला मेसेज पडला: ‘बी विंगमध्ये चोर शिरलाय.’ लोक दारं लावतात, वॉचमन धावतात. इथवर ठीक. पण चोर पळून गेल्यावर, किंवा मुळात आलाच नसताना, ‘आता सगळं शांत आहे’ हे कुणी लिहीतच नाही. उलट प्रत्येकजण तोच मेसेज पुन्हा टाकतो. मेसेज वाचून आणखी वॉचमन येतात, आणि आलेले वॉचमनही मेसेज टाकू लागतात. रहिवासी त्यांना चहा-नाश्ता पुरवतात, त्यामुळे कुणी परतत नाही. महिन्याभरानं पार्किंगमध्ये त्यांची छावणी पडलेली असते. मग कुणाच्याही गाडीची काच फोडली जाते, कारण आता प्रत्येक रहिवासी संशयित. या गोंगाटात वर टाकीपाशी उभ्या असलेल्या वॉल्व्हमनला ‘पाणी सोड’ ही हाक ऐकू जात नाही. टाकी भरलेली, पाइप बरेचसे शाबूत, आणि नळ कोरडे.

आता नावं बसवू. रहिवासी म्हणजे ग्रंथीच्या पेशी. पहिला मेसेज इंटरफेरॉनचा. वॉचमन म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी, त्यांना वाट दाखवणारी प्रथिनं वेगळी. आणि चहा-नाश्ता म्हणजे बॅफ नावाचं प्रथिन: ते लिम्फोसाइटमधल्या बी पेशींना, म्हणजे प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींना, जगवतं आणि वाढवतं. इंटरफेरॉन मिळालं की लाळग्रंथीच्या पेशी स्वतःच बॅफ तयार करू लागतात. म्हणजे ग्रंथी या सगळ्यात निव्वळ बळी नसते, आपल्याच घरातल्या गोंधळात तिचा हात असतो. ही गोष्ट संशोधकांना बऱ्याच उशिरा उमगली, आणि मला यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच.

बी पेशी मग शरीराच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात. त्यातली ओळखीची दोन म्हणजे ‘रो’ आणि ‘ला’ यांच्याविरुद्धची. रो हे प्रत्येक पेशीत असणारं, स्वतःचं साधं प्रथिन. त्यावर हल्ला चढवण्याचं काही कारण नसतं. ज्या आजारात प्रतिकारशक्ती अशी घरच्यांवर उलटते, त्याला ऑटोइम्यून आजार म्हणतात.

पहिला मेसेज कुणी टाकला? काही विषाणूंवर, विशेषतः एपस्टाइन-बार विषाणूवर, जुना संशय आहे; आनुवंशिक कलही असतो. दर दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात, त्यामुळे संप्रेरकांचं आणि एक्स गुणसूत्राचं नाव येतंच. संशयित बरेच आहेत. गुन्हा मात्र कुणा एकावर शाबीत झालेला नाही.

मग ग्रंथी मरते का?

पूर्वी समजूत अशी होती की लिम्फोसाइट ग्रंथी खाऊन टाकतात, म्हणून पाणी संपतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर हिशेब जुळत नाही. पुष्कळ रुग्णांच्या ग्रंथीत बराच भाग धडधाकट दिसतो, तरीही तोंड कोरडं असतं. म्हणजे आहे ते यंत्रही चालत नाही.

इथे ती मघाची साखळी आठवा. उंदरांच्या अश्रुग्रंथींवरच्या प्रयोगांत दिसलं, की इंटरल्यूकिन-१ या निरोपामुळे मज्जातंतूच्या टोकांतून ॲसिटिलकोलिन सुटणंच कमी होतं. काही रुग्णांच्या रक्तात ॲसिटिलकोलिनची बसण्याची जागा अडवणारी प्रतिपिंडं सापडली. काही अभ्यासांत ॲक्वापोरिनची दारं पेशीच्या योग्य बाजूला नव्हती. दाहात सुटणारी काही विकरं पेशींखालचा आधाराचा पडदाही कुरतडतात. हाक जात नाही, गेली तरी पोचत नाही, पोचली तरी दार जागेवर नाही.

म्हणूनच यातल्या बऱ्याच बायकांना कांदा चिरतानाही डोळ्यांत पाणी येत नाही. ‘तुला रडू येत नाही, एवढी कठोर कशी?’ असं ऐकून घेणाऱ्याही असतात. त्याबद्दल वैद्यकाच्या पुस्तकांत काही लिहिलेलं नसतं.

थकवा हा याच्याही पुढचा भाग. रुग्णांना विचारलं तर पुष्कळजणी कोरडेपणाआधी थकव्याचंच नाव घेतात. निरोप रक्तातून अंगभर फिरतात, त्यामुळे फ्लूच्या तापात जशी गळून गेल्याची भावना असते तशी रोजच असणं समजण्याजोगं आहे. पण रक्तात निरोप जास्त म्हणजे थकवा जास्त, इतकं सरळ गणित मोजमापांत दिसलेलं नाही.

‘हे तर वयानं आणि मोबाईलनंही होतं’

होतंच. उलट, कोरड्या डोळ्यांच्या बहुतेकांना शोग्रेन नसतो. स्क्रीनकडे टक लावली की पापण्यांची उघडझाप कमी होते आणि अश्रू वाळतात. पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्या तरी तेच. पण अशा माणसाला भाकरी गिळायला त्रास होत नाही. तोंड कोरडं पडायला ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवीवर ताबा राहण्यासाठीच्या कितीतरी गोळ्या पुरतात. मधुमेह आहे, हेपटायटिस सी आहे, मानेवर दिलेलं रेडिएशन आहे. आयजीजी-४ नावाच्या प्रतिपिंडाशी जोडलेला एक आजार याच ग्रंथी फुगवतो, पण त्याची जात निराळी आणि औषध निराळं. डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी ती यासाठी.

संशय घ्यायचा तो डोळे, तोंड आणि तिसरं काहीतरी असं जुळून आल्यावर: सांधे, वारंवार फुगणारा गाल, हिरडीलगतची कीड, पायांवरचे जांभळट ठिपके, लांबलेला कोरडा खोकला. आणि तेही तीन महिन्यांहून जास्त टिकलं तर.

‘डोळ्यांतून तर सारखं पाणी येतं, मग कोरडे कसे?’ हाही नेहमीचा प्रश्न. डोळ्याचा पृष्ठभाग कोरडा पडून टोचू लागला की मज्जातंतू एकदम भसकन पाणी सोडायला लावतात. ते गालावर ओघळतं, डोळ्यावर टिकत नाही. शोग्रेन मुरला की तेही थांबतं.

निदानाची गंमत

हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ. १९३३ च्या प्रबंधात त्यांनी कोरड्या डोळ्यांच्या १९ स्त्रियांची नोंद केली. त्यांतल्या अनेकींना संधिवातही होता. डोळे आणि सांधे एका वाक्यात आणणारा हा प्रबंध परीक्षकांना फारसा भावला नाही. विद्यापीठात शिकवण्याची पात्रता मिळण्याइतके गुणही त्याला पडले नाहीत. त्यांचंच नाव पुढे या आजाराला लागलं.

आजच्या निकषांत (२०१६ साली अमेरिका-युरोपच्या संधिवाततज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या) गुण मोजले जातात. रो प्रतिपिंड सापडलं तर तीन. खालच्या ओठाच्या आतून, जागा बधिर करून, दोन-चार बारीक ग्रंथी काढतात; त्यांत पन्नास किंवा जास्त लिम्फोसाइटचा पुंजका चार चौरस मिलिमीटरमागे किमान एक दिसला, तर तीन. शिर्मर चाचणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात. पाच मिनिटांत ती पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, तर एक. काही न चघळता मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी लाळ गोळा झाली, तर एक. रंग घालून डोळ्यावर ओरखडे मोजतात, त्याचाही एक. दुसरी कारणं वगळून चार गुण झाले की शोग्रेन.

फसगत होते ती दोन ठिकाणी. या रुग्णांत ‘आरए फॅक्टर’, म्हणजे आमवातासाठी पाहतात ती रक्ततपासणी, बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते आणि मग वर्षानुवर्षं आमवाताचे उपचार चालतात. उलट, एएनए, म्हणजे शरीराच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी चाचणी, थोडीशी पॉझिटिव्ह तर चांगल्या धडधाकट माणसांतही येते. पॅकेजमधल्या तपासण्यांत ती दिसली म्हणून रात्र जागून काढू नये.

‘प्रथिन सापडलंय, मग तेच बंद करा की’

हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. आमवातात टीएनएफ नावाचा निरोप अडवणाऱ्या इंजेक्शनांनी क्रांती केली. शोग्रेनच्या ग्रंथींतही टीएनएफ भरपूर, म्हणून तीच इंजेक्शनं देऊन पाहिली. २००४ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबच्या नियंत्रित चाचणीचा निकाल आला: काही फरक नाही. एटानरसेप्टचंही तेच. पुढे कळलं, की एटानरसेप्ट घेतलेल्यांच्या रक्तात इंटरफेरॉनची हालचाल आणि बॅफ दोन्ही उलट वाढले होते. ग्रुपवरच्या एकाचा फोन काढून घेतला, आणि बाकीचे दुप्पट टाइप करू लागले.

मग वॉचमनच हटवू, असं ठरलं. रिटुक्सिमॅब बी पेशी नष्ट करतं. फ्रान्समधल्या (२०१४) आणि ब्रिटनमधल्या (२०१७) मोठ्या चाचण्यांत मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. एक कारण असं, की बी पेशी संपल्यावर बॅफ वाढतं आणि नव्यानं येणाऱ्यांना आणखी जोमानं पोसतं. आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही २०१४ च्या एका फ्रेंच चाचणीत कोरडेपणा, वेदना आणि थकवा यांवर २४ आठवड्यांत खोट्या गोळीहून सरस ठरलं नाही. सांधे किंवा त्वचेच्या त्रासासाठी डॉक्टर ते देतात, त्यामुळे मनानं बंद करू नका. पण लाळ परत येईल या आशेवर असाल, तर ती आशा त्या गोळीकडून ठेवू नये.

आता २०२५ ची बातमी कळेल. इयानालुमॅब हे औषध बी पेशी कमी करतं आणि बॅफची बसण्याची जागाही अडवतं, म्हणजे दोन्ही कामं एकदम. तिसऱ्या टप्प्याच्या दोन चाचण्यांत त्यानं आजाराची सक्रियता खोट्या औषधापेक्षा जास्त घटवल्याचं कंपनीनं ऑगस्टमध्ये जाहीर केलं. बातम्या मात्र एक तपशील गाळतात: ‘सक्रियता’ मोजणारं ते गुणपत्रक सांधे, त्वचा, फुप्फुसं, रक्त, ग्रंथींची सूज यांचं असतं. तोंड किती ओलं झालं, हे त्यात मोजलेलंच नसतं.

‘प्रतिकारशक्ती वाढवली तर?’

इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती नको तितकी जागी आहे. कोविडनंतर घरोघर काढे आले, ते अजून ओट्यावर आहेत. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली; सुप्त ऑटोइम्यून यकृतविकार त्यानं उफाळला असावा, असं त्यांचं मत. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवला, तरी ज्याला ऑटोइम्यून आजार आहे त्यानं ‘इम्युनिटी बूस्टर’ लिहिलेली बाटली डॉक्टरांना न दाखवता उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोजच्या रोज

तोंड कोरडं म्हणून दिवसभर लिमलेटच्या गोळ्या, खडीसाखर किंवा सुपारी चघळणाऱ्या कितीतरी बायका आपल्या आसपास आहेत. लाळ सुटते खरी, पण साखरेशी लढणारी लाळच अपुरी, त्यामुळे दात झपाट्यानं जातात. सुपारीनं तोंड उघडेनासं होण्याचा आणि कर्करोगाचा धोका, मिशरीचं तर बोलायलाच नको. बिनसाखरेचं च्युइंग गम, घोटघोट पाणी, फ्लोराइडची पेस्ट, सहा महिन्यांनी दंतवैद्य, हे त्यापेक्षा बरं. ग्रंथीत थोडी धमक उरली असेल, तर पायलोकार्पिनच्या गोळ्या ॲसिटिलकोलिनच्याच जागी बसून पाणी सोडायला लावतात. घाम फार येतो, आणि दमा किंवा काचबिंदू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. डोळ्यांसाठी थेंब दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत. दाह कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब डॉक्टर देतात; ते लागू पडायला आठवडे, कधी महिने जातात, म्हणून आठ दिवसांत सोडू नयेत. मेडिकलमधून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे थेंब लगेच बरं वाटवतात आणि डोळ्याचा दाब वाढवून नजर घालवू शकतात.

कुठे घाई करायची

गाल उतरायचं नाव घेत नसेल, वजन घटत असेल, मानेत गाठी लागत असतील, तर थांबू नका. वर्षानुवर्षं पोसलेल्या बी पेशींतून पुढे लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, उद्भवू शकतो. शोग्रेनच्या शंभर रुग्णांमागे साधारण पाचजणांना. बहुतेकदा तो सावकाश वाढणारा असतो आणि उपचारांना दाद देतो.

दुसरी घाई तरुण मुलींसाठी. रो प्रतिपिंड वारेतून गर्भापर्यंत जातं आणि अशा शंभर गरोदरपणांत एक-दोन बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांची वाट अडवतं. कधीकधी आईला स्वतःला तोवर काहीच त्रास नसतो. रो पॉझिटिव्ह असल्याचं माहीत असेल, तर पहिल्याच भेटीत स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा; साधारण १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी ठरावीक अंतरानं करून ठोके पाहता येतात. आधीच्या बाळाला हा त्रास झाला असेल, तर गरोदरपणात सुरुवातीपासून दिलेलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तो पुन्हा होण्याचा धोका निम्म्याच्या आसपास आणतं. लाळेसाठी निरुपयोगी ठरलेली तीच गोळी.